पहिली लाट आणि परत फिरण्याची वेळ



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना हसू आले असेल. कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे दोन तालुके असे आहेत की, ज्यांना समुद्रकिनारा नाही. १९८१ पूर्वी आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते; अलिबागच्या समुद्रातील किल्ल्यावरून ते पडले होते. पण त्या काळीही आपला समुद्राशी संबंध आठवड्याच्या बाजारातील सुकट-बोंबलापलीकडे फारसा नव्हता. अशा भाताच्या आणि डोंगराच्या मुलखातील माणसांनी लाटेवर फळी टाकून स्वार होण्याच्या खेळाविषयी बोलावे, आणि तोही लिटल अंदमान नावाच्या, दोन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या बेटावर जाऊन खेळण्याविषयी, हे घाटावरच्या माणसाने होडी विकत घेण्यासारखेच झाले. तरी हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. का, ते ओघाने कळेल.

आम्ही म्हणजे या दोन तालुक्यांतील नऊ स्नेही. आमच्यात शिक्षक आहेत, रसायनीच्या कारखान्यात काम करणारे आहेत, एक परिचारिका आहे, दोघे महाविद्यालयात शिकणारे आहेत. या खेळाला इंग्रजीत सर्फिंग म्हणतात, आणि तोच शब्द आता आपल्याकडे रूढ झाला आहे. त्याचा पहिला प्रवास कसा आखावा, याचा आम्ही गेले वर्षभर विचार केला. त्या विचारातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवायचे आहे. एका वाक्यात सांगायचे तर ते असे : प्रवासाची आखणी म्हणजे कोठे जायचे, केव्हा जायचे आणि काय न्यायचे याची यादी, अशी आपली समजूत असते. ती यादी करावीच लागते. परंतु खरी आखणी म्हणजे कोणत्या प्रसंगी पाण्यात उतरायचे नाही, हे घरी बसून, डोके थंड असताना, ठरवून ठेवणे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. हा खेळ हवाई बेटांचा. कॅप्टन कुकच्या जहाजांवरील अधिकाऱ्यांनी १७७९ साली तेथील लोकांना फळीवर आडवे होऊन लाटांबरोबर किनाऱ्याकडे धावताना पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे हवाईचाच ड्यूक कहानामोकू याने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले आणि १९१४-१५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात जाऊन या खेळाची प्रात्यक्षिके केली. या खेळाचा जगभर प्रसार करणारा माणूस मुळात अव्वल दर्जाचा पोहणारा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली भरले, या खेळाला प्रथम स्थान मिळाले. आपल्या देशात कर्नाटकातील मुल्की येथे २००४ सालापासून त्याचे शिक्षण सुरू झाले, आणि आता गोव्यात व चेन्नईजवळच्या कोवळम येथेही तो शिकवतात.

आता लाट म्हणजे काय, ते पाहू. येथे आपल्या तालुक्यांतील माणसाला थोडे ज्ञान आहे, आणि त्या थोड्या ज्ञानातच धोका आहे. आपल्याकडे वाहत्या पाण्याची ओळख सर्वांना आहे. राजमाचीच्या डोंगरातून येणारी उल्हास कर्जतवरून जाते. पाताळगंगा खोपोलीवरून खाली उतरते. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला वीजगृहे चालू केली. ते पाणी वीज देऊन आपल्याच नद्यांना मिळते. अशाच तऱ्हेने भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर शेजारच्या रोहा तालुक्यात, कोलाडला, कुंडलिकेत रबरी तराफ्यांचा खेळ चालतो. आमच्यातील काही जण तेथे जाऊन आले होते आणि लाटांचा अनुभव आपल्याला आहे, असे त्यांना वाटत होते.

पण नदीची लाट आणि समुद्राची लाट यांचे गणितच उलटे आहे. नदीत खडकावरून पाणी उसळते आणि तेथे एक लाट उभी राहते. ती जागची हलत नाही, पाणी मात्र तिच्यातून पुढे धावत असते. समुद्रात लाट धावते आणि पाणी जवळजवळ जागच्या जागीच वरखाली होते. श्रावणात वारा सुटला म्हणजे भाताच्या खाचरावरून एक लहर या बांधापासून त्या बांधापर्यंत सरकत जाते. भाताचे रोप काही जागा सोडत नाही. खोल समुद्रातील लाट तशी असते. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला म्हणजे तिचा पाया अडखळतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. त्या क्षणी मात्र पाणी खरोखरच पुढे झेपावते, आणि सर्फिंग करणाऱ्याला हवा असतो तो नेमका त्याच्या किंचित अगोदरचा क्षण.

लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते. म्हणजे एक मीटर उंचीची लाट फुटते तेथे माणसाच्या फार तर छातीपर्यंत पाणी असते. आपल्याकडील मुले विहिरीत सूर मारण्यात पटाईत. ती सवय घेऊन येथे फळीवरून डोके खाली करून उडी घेतली, तर मान मोडेल. म्हणून पडायचे ते पसरून, आडवे; आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, कारण आपली फळी घोट्याला दोरीने बांधलेली असते आणि ती कोठून परत येईल याचा नेम नसतो. एक घनमीटर खाऱ्या पाण्याचे वजन हजार किलोहून अधिक भरते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे 'एवढीशी तर लाट' असे शब्द तोंडातून निघणार नाहीत.

ही लाट येते कोठून? लिटल अंदमानच्या पश्चिम-दक्षिणेला हिंदी महासागर मोकळा पसरला आहे. चाळीस-पंचेचाळीस अक्षांशांच्या दक्षिणेला वर्षभर वादळी वारे वाहतात. त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून उत्तरेला येतात. पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा समूह खोल पाण्यात तासाला सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे हजार किलोमीटर जातो. दक्षिणेच्या पंचेचाळिसाव्या अक्षांशापासून लिटल अंदमान सहा हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे सोमवारी तिकडे वादळ झाले, तर त्याची लाट इकडे रविवारी पोहोचते. याचा अर्थ असा की, लाट अचानक येत नाही. तिची वर्दी आधी मिळते. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था समुद्राच्या स्थितीचे अंदाज देते, आणि ते कोणालाही पाहता येतात. लाटेची उंची, दोन लाटांमधील सेकंद आणि वाऱ्याची दिशा, हे तीन आकडे वाचता येणे हा आखणीचा पहिला धडा होय. उंची तीच असली, तरी सात सेकंदांची लाट आणि पंधरा सेकंदांची लाट यांच्या जोरात फार अंतर असते.

आता बेटाकडे वळू. अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या मनात एकच चित्र उभे राहते : सेल्युलर जेल, कोलू आणि सावरकर बंधू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी त्या मुलखाला 'काळे पाणी' हेच नाव होते. जेथे जाणे ही शिक्षा होती तेथे आता लोक हौसेने जातात, हा काळाचा महिमा. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. पर्यटकांची गर्दी तेथे आणि हॅवलॉक ऊर्फ स्वराज द्वीपाकडे असते. लिटल अंदमान मात्र पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेस सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास, एका बाजूला पडलेले. त्याच्याही दक्षिणेला दहा अंशांची खाडी लागते आणि पलीकडे निकोबार. येथील बंदर हट बे. तेथून काही अंतरावर बटलर बे नावाचा वाळूचा लांब किनारा आहे. नवशिक्याला वाळूच्या तळावरील लाट हवी, म्हणून आम्ही तो निवडला. याच बेटावर कुमारी पॉइंट नावाची जाणत्या खेळाडूंत नावाजलेली लाट आहे. ती प्रवाळाच्या खडकावर फुटते. तिचे छायाचित्र आम्ही पाहिले आणि आखणीच्या वहीत तिच्या नावापुढे फुली मारली.

हे बेट रिकामे नाही, हेही प्रवास करणाऱ्याने आधी समजून घ्यावे. ते मूळचे ओंगे लोकांचे. मुख्य भूमीवरून लोक आणून वसवण्यापूर्वी सारे बेट त्यांचेच होते. आता त्यांची संख्या शंभराच्या आसपास उरली आहे. १९५६ च्या नियमाने आदिम जमातींच्या राखीव प्रदेशात बाहेरच्या माणसाला मज्जाव आहे. लाट चांगली दिसली म्हणून राखीव किनाऱ्याकडे होडी वळवणे, किंवा लांबून छायाचित्र घेण्याचा प्रयत्न करणे, हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये. आपल्याही तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. त्यांच्या दारात उभे राहून छायाचित्रे काढणारे पाहुणे आपल्याला आवडत नाहीत. मग आपण दुसरीकडे तसे पाहुणे का व्हावे?

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी सुमात्राजवळ भूकंप झाला आणि त्सुनामीने हट बेची मोठी हानी केली. ओंगे लोक मात्र वेळीच उंचावर गेले आणि वाचले. त्यांनी कोणाच्या हुकुमाची वाट पाहिली नाही. पुढे २००७ साली त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र हैदराबादला 'इन्कॉइस'मध्येच सुरू झाले. तरी जमीन जोराने हादरली तर भोंगा वाजण्याची वाट न पाहता उंच जागी जायचे, हा नियम ओंग्यांकडूनच शिकावा असा आहे.

जाण्याची व्यवस्था म्हणाल तर ती अशी. कर्जतहून मुंबई रेल्वेने. मुंबईहून विमानाने, बहुधा चेन्नई किंवा कोलकाता येथे बदलून, श्री विजयपुरमला. तेथून बोटीने हट बेला. बोटीला साधारण सहा ते आठ तास लागतात आणि हवा बिघडली की बोट रद्द होते. म्हणून जाताना एक आणि येताना दोन दिवस मोकळे ठेवावेत. परतीचे विमान बोटीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवणे म्हणजे बैलाला शर्यतीच्या दिवशी नाल मारण्यासारखे आहे. ती बोट पर्यटकांची नव्हे. बेटावरचा रोगी, विद्यार्थी, भाजीचा व्यापारी यांचा तोच रस्ता आहे. तिकिटे मिळाली नाहीत तर चडफडू नये.

काळ एप्रिलचा धरावा. अंदमानात मोसमी पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो. त्याच्या आत परतलेले बरे. म्हणजे आपल्याकडे व्याख्यानमाला भरतात तोच हा हंगाम. श्रोत्यांना दोहोंतून एकाची निवड करावी लागेल! फळी नवशिक्याने आठ-नऊ फुटांची, वरून मऊ फेसाची घ्यावी. विकत घेऊन विमानातून नेण्यापेक्षा तेथे भाड्याने मिळते का, याची चौकशी पत्राने वा दूरध्वनीने आधी करावी. रोख पैसे, जखमा धुण्याचे औषध, डासांपासून व वाळूतील माश्यांपासून बचावाचे साधन बरोबर असावे. मोठे रुग्णालय श्री विजयपुरमला आहे, म्हणजे समुद्राच्या पलीकडे. आमच्या परिचारिका बाईंनी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

येथवरची वही तयार झाली, तेव्हा आम्ही ती घरोघर दाखवली. आमच्यातील एकाच्या आईने ती शांतपणे वाचली आणि विचारले, "परत येण्याचा दिवस लिहिला आहे. परत फिरण्याची वेळ कुठे लिहिली आहे?" त्या माउलीने समुद्र दोन-तीनदा पाहिला असेल. पण तिने पावसाळ्यातील धबधबे पाहिले आहेत. दर वर्षी आपल्या तालुक्यांत शहरांतून आलेली तरुण मुले धबधब्यांत, धरणांत, नदीच्या डोहांत बुडतात. दर वर्षी बंदीचे हुकूम निघतात. ही मुले मूर्ख असतात असे नव्हे. ती पहाटे निघालेली असतात, पैसे खर्च केलेले असतात, मित्र बरोबर असतात. पाणी वाढलेले त्यांना दिसतही असते. पण 'इतके आलो, आता मागे कसे जायचे?' हा विचार पाण्याहून जोरदार ठरतो. लोणावळ्याच्या पायथ्यापर्यंत आलेल्याची ही गत, तर विमान-बोट करून हजारो रुपये घालवून बेटावर पोहोचलेल्याचे काय होईल? तेथे लाट मोठी दिसली तर 'आज नको' म्हणायला कोणाची जीभ उचलेल?

म्हणून ती जीभ आधीच बांधून घ्यायची. आम्ही वहीत नवे पान काढले आणि त्यावर नकार लिहिले. ज्याला न थांबता चारशे मीटर पोहता येत नाही आणि खोल पाण्यात दहा मिनिटे तरंगता येत नाही, त्याने जायचे नाही. ज्याने आधी गोव्याच्या किंवा मुल्कीच्या किनाऱ्यावर शिक्षकाच्या हाताखाली चार दिवस काढले नाहीत, त्याने जायचे नाही. तेथे स्थानिक माणसाने 'उतरू नका' म्हटले की चर्चा नाही. कारण त्या बेटाच्या ओढ्यांत आणि खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत, आणि कोणत्या मुखाशी त्या असतात ते त्यालाच ठाऊक असते. कमरेपेक्षा उंच लाट असेल त्या दिवशी पाण्यात पाऊल नाही. एकट्याने कधीही नाही. आणि नऊ जणांपैकी एकाने जरी 'नको' म्हटले तरी त्याला कारण विचारायचे नाही. हे शेवटचे कलम सर्वांत कठीण. त्यावर आमचा दोन संध्याकाळ वाद झाला.

याच पानावर एक कलम पैशांचे आहे. प्रवासाचा सगळा खर्च 'बेट पाहण्याचा खर्च' म्हणून मांडायचा. लाटेच्या नावावर एक रुपयाही लिहायचा नाही. मग एकही दिवस पाण्यात उतरता आले नाही तरी पैसे बुडाले असे वाटणार नाही. हिशेबाची ही युक्ती क्षुल्लक वाटेल, पण माणसाला पाण्यात ढकलणारा हात बहुधा हिशेबाचाच असतो.

आणि एक कलम ओढीचे. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाताना कोठेतरी चिंचोळी वाट धरते आणि जोराने समुद्राकडे धावते. वरून पाहता तेथे लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने पोहू लागतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावे. ओढीची रुंदी थोडी असते. फळी हाताशी असेल तर ती सोडू नये, ती आपली नाव आहे. हात वर करून मदत मागावी. नदीच्या पुरात तिरके पोहत काठ गाठायचा असतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे; हे त्याच शहाणपणाचे भावंड.

कोणी विचारील, इतके नकार लिहायचे तर जायचेच कशाला? घरी बसावे. यावर आमचे उत्तर असे. घरी बसल्याने माणूस सुरक्षित राहतो, हे खरे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा माणसे आपापल्या घरांत झोपलेली होती. त्यांना निवड नव्हती. आपण हौसेने पाण्याकडे जातो, तेव्हा निवड आपल्या हाती असते. आणि ज्याच्या हाती निवड आहे त्याची जबाबदारी अधिक. साहस सोडून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. साहस करणाऱ्याने आपला नकार बरोबर न्यावा, एवढेच म्हणतो.

समुद्रावर पोट असलेल्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कोळी बांधव पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग पुन्हा मासेमारीला निघतात. सरकारची मासेमारीबंदी आता १ जून ते ३१ जुलै अशी असते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हा रिवाज आहे. होडी घरात, पोरेबाळे घरात, हातात पैसा नाही, आणि समोर मासळीने भरलेला समुद्र. तरी जायचे नाही. त्याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही. ज्यांना समुद्र कळतो त्यांचे पंचांगच नकारापासून सुरू होते. आपण तर दोन दिवसांचे पाहुणे.

आमच्या प्रवासाचे काय झाले, हे सांगून रजा घेतो. नऊ जणांपैकी चौघांना चारशे मीटर पोहता येत नाही, असे पहिल्याच परीक्षेत दिसून आले. त्यांत आमच्यातील तिन्ही स्त्रिया होत्या. त्या धाडसात कोणाहून कमी नाहीत. पण लहानपणी भाऊ विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकत होते तेव्हा त्यांना काठावर कपडे सांभाळायला बसवले होते. पाच जणांनी पुढे जावे, असा एक विचार निघाला आणि मागे पडला. सर्वांनी जायचे किंवा कोणी नाही, असे ठरले, आणि प्रवास एक वर्ष पुढे गेला. म्हणूनच या एप्रिलात आम्ही बटलर बेच्या वाळूवर नसून आपल्यासमोर उभे आहोत. तिघी आणि चौथा रोज सकाळी पोहायला शिकत आहेत. परवा त्यांतील एकीने दोनशे मीटर पुरे केले.

दोन नद्या, अनेक धरणे आणि शेकडो ओढे असलेल्या आपल्या मुलखात मुलीला आणि मुलाला पोहता येऊ नये, याचे आपल्याला काहीच वाटत नाही, हे मात्र नवलच. येथे बसलेल्या पालकांनी येत्या सुट्टीत आपल्या मुलींना आणि मुलांना जाणत्या माणसाच्या नजरेखाली पाण्यात उतरवावे. त्यांनी लिटल अंदमानला जावे असा आमचा आग्रह नाही. पण आपल्या गावच्या धबधब्याखाली मित्र 'चल' म्हणतील, तेव्हा पाणी ओळखून 'आज नको' म्हणण्याचे बळ त्यांच्यात असावे. आणि ते बळ पोहता येणाऱ्यालाच अधिक असते.